बाळंतिणीच्या खोलीतली ओल

१

पांढुर्ण्याच्या प्रफुल्लला नावानं हाक मारणारी माणसं थोडी. पांढुर्णा ते सौसर या सगळ्या पट्ट्यात तो ‘सीलनवाला’, म्हणजे ओल काढणारा. भिंतीला पोपडे आले, कपाटामागे बुरशी धरली, गाद्यांना कुबट वास सुटला, की लोक आधी पेंटरला बोलावतात. पेंटर रंगाखाली रोग झाकून जातो. पुढच्या पावसाळ्यात तोच रोग दुप्पट जोरानं वर आला, की मग प्रफुल्लची आठवण. तोही काही गरीब गाय नव्हता. आल्या आल्या घरच्यांना चार शब्द सुनावल्याशिवाय त्याचा हात कामाला लागत नसे.

त्याची एक रीत होती. स्वच्छ पन्नीचे, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे, हात-हात लांबीचे चौकोन कापायचे, चारी भिंतींना एकेक चिकटपट्टीनं कडेकडेनं पक्का बसवायचा, खोलीला कुलूप घालायचं आणि एक दिवस तिकडे फिरकायचं नाही. दुसऱ्या दिवशी थेंब पन्नीच्या आतून, भिंतीकडून जमले असले तर दोष भिंतीचा. कुठेतरी नळ पाझरतो आहे, नाहीतर जोत्यात मुरमाऐवजी काळी माती भरली आहे. थेंब बाहेरून, खोलीच्या बाजूनं असले तर भिंत बिचारी निर्दोष. मग दोष हवेचा, म्हणजे माणसांचा. घरात वाळत घातलेले कपडे, चोवीस तास फिरणारा कूलर, बंद दारं आणि माणसांचे श्वास.

“माणूस झोपेत श्वासातून पाणी सोडते जी,” तो सांगायचा. “खिडकी बंद, तर ते पाणी जाईन कुठी? भितीवरच बसन. भीत खोटं नाही बोलत, माणसं बोलतात.”

सप्टेंबर सरत आला होता तेव्हा सौसरहून मीनाकाकूंचा फोन आला. काकू शाळेतून रिटायर झालेल्या, त्यांचे यजमान विनायकराव पाटबंधारे खात्यातून. घर चांगलं, स्लॅबचं, दहा-बारा वर्षांचं. पण मागच्या खोलीच्या कोपऱ्यात काळे ठिपके धरले होते.

प्रफुल्लनं दार उघडलं आणि नाकाला रुमाल लावला. खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या. कूलर बसवतात त्या खिडकीला पुठ्ठा, वरच्या झरोक्यात पोतं. पलंग भिंतीला लावून त्यावर नवी कोरी गोधडी.

“काकू, ही खोली हाये का लोणच्याची बरणी?”

“बाळंतिणीची खोली हाये ते,” काकू ताडकन म्हणाल्या. “वारा लागला तर पोरीचे कान जन्मभर दुखतात. तुमच्या मायनं नाही सांगतलं काय?”

“मायच्या जमान्यात घरं कौलाची होती काकू. कवेलूतून हवा खेळत होती. वरून स्लॅब अन् खालून चिंध्या, मंग बुरशी नाही तर काय मोगरा फुलन?”

काकू हसल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या पलंगावर बसल्या, आणि मग खरं काय ते बाहेर आलं. लेक श्रुती नागपूरला असते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं, पण आठव्या महिन्यातच मोकळी झाली. मुलगा. सव्वा किलोचा. अठरा दिवस झाले, काचेच्या पेटीत आहे. विनायकराव तिकडेच. डॉक्टरांनी बजावलं आहे, फुप्फुसं कच्ची आहेत, घरात बुरशीचा कण चालणार नाही. दहा दिवसांनी सुट्टी देतील.

“दहा दिवसांत ही खोली कोरडी करून द्या भाऊ,” काकू म्हणाल्या. “एवढ्याश्या जिवाले काही झालं तर मी माय म्हणून तोंड कोणाले दाखवू?”

प्रफुल्लची जीभ नरमली. त्यानं चिंध्या ओढून काढल्या, पोतं फेकलं, कोपरा खरवडून औषधाच्या पाण्यानं पुसला आणि संध्याकाळी चार भिंतींना चार पन्न्या लावून कुलूप घातलं. जाताना मात्र सुनावलंच. “एक गोष्ट पाठ करून ठेवा काकू. पन्न्या निघाल्या की खिडकी उघडी, पंखा चालू, शेगडीची धग. ओल गेली पायजे. माहं नाही ऐकलं तर मले पुन्हा बोलवू नका.”

२

दुसऱ्या दिवशी तीन पन्न्या कोरड्या निघाल्या, आतून आणि बाहेरून. चौथी पलंगाजवळची. तिच्यावर उशीच्या उंचीला एक ठिपका होता. रुपयाच्या नाण्याएवढा, धुरकट, दमट. खोलीच्या बाजूनं.

प्रफुल्लनं बोटानं पुसला. बोट ओलं झालं.

हवेची ओल अशी बसत नाही. ती बसली तर सगळ्या पन्नीवर धुक्यासारखी पसरते. एका जागी नाणं उमटवायला हवेला काय हात असतात? त्यानं भिंतीच्या मागे जाऊन पाहिलं. मागे गल्ली, ऊन पडलेलं, ना नळ, ना मोरी. ओल मोजायचं यंत्र लावलं, भिंत ठणठणीत.

“रात्री कोणी आलतं काय खोलीत?”

“किल्ली माह्या कमरेले हाये,” काकू म्हणाल्या.

पाल असेल, असं त्यानं ठरवलं. पाल बसते, तिच्या अंगाचा गारवा लागतो. हे काही त्याचं त्यालाच पटलं नाही, पण माणसाला काहीतरी ठरवून घरी जावं लागतं. त्यानं ठिपका कोरडा केला, पन्नीच्या चारी कडा पुन्हा दाबल्या आणि कुलूप लावलं.

३

तिसऱ्या दिवशी ठिपका होताच. तिथेच. आता लहानशा पुरीएवढा.

“जागेचाच दोष,” प्रफुल्ल पुटपुटला. त्यानं पलंग ओढून समोरच्या भिंतीला लावला. तिथली पन्नी दोन दिवस कोरडी होती, म्हणजे तिच्यावर भरवसा टाकायला हरकत नव्हती. मग तो चहाला गेला. काकूंनी पोहे केले होते, तेही खाल्ले. परत आला तो तासाभरानं.

जुन्या जागची पन्नी स्वच्छ कोरडी होती. ठिपका पलंगाच्या मागोमाग गेला होता. समोरच्या भिंतीवर, उशीच्या उंचीला.

तो पलंगाच्या कडेला बसला, कारण नीट पाहिल्याशिवाय घाबरायचं नाही हा त्याचा नेम होता. भुतंखेतं त्यानं कधी मानली नव्हती. लोक ज्या घराला भानगड आहे म्हणायचे तिथे त्याला नेहमी फुटका पाइप सापडायचा. त्यानं मान पुढे नेली, स्वतःचा श्वास रोखून धरला आणि पाहिलं.

ठिपका हलत होता. जागा सोडत नव्हता, पण कडा आत यायच्या, बाहेर जायच्या. धुकं धरायचं, विरायचं. धरायचं, विरायचं. आरशाशी तोंड नेलं की जसं होतं तसं. फक्त फार भरभर, आणि फार थोडं थोडं.

प्रफुल्लनं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत मोजलं. मिनिटाला बावन्न. पुन्हा मोजलं. पन्नास. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून मोजलं, आणि एवढा घाबरलेला असूनही बावीसच्या वर आकडा गेला नाही. असा श्वास कोणाचा असतो, हे त्याला सुचेना. मांजराचा? सशाचा? छे, काहीतरीच!

“भाऊ, पोळ्या टाकू काय?” काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“नको,” तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

४

चौथ्या दिवशी तो खोलीत जायच्या आधी काकूंनी त्याला बैठकीत बसवलं. चेहरा फुलला होता. विनायकरावांनी मोबाइलवर बाळाचा व्हिडिओ पाठवला होता.

“पाहा तरी. आजोळच्या घराचं काम करून राहिले तुम्ही, तुमचा हक्क हाये.”

काचेची पेटी. आत नळ्या, फडकी आणि मुठीएवढं तोंड. छाती दिसत होती, पक्ष्याच्या पिलासारखी, भाता चालावा तशी वरखाली होणारी. प्रफुल्ल “छान हाये जी” म्हणाला आणि मोबाइलवर वाकला. त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता.

व्हिडिओ मिनिटभराचा होता. पन्नास.

“नवजात लेकराचं असंच असते,” काकू कौतुकानं सांगत होत्या. “डॉक्टर म्हणे चाळीस ते साठ.”

मन चिंती ते वैरी न चिंती. प्रफुल्लनं डोकं झटकलं. जगात दर मिनिटाला पन्नास वेळा होणाऱ्या हजार गोष्टी असतील. टपकणारा नळ काय, शिलाईची मशीन काय. एक ठिपका आणि साठ-सत्तर किलोमीटरवरचं एक लेकरू, यांची गाठ घालणारा माणूस मूर्ख नाहीतर आजारी. आपण ओल काढायला आलो आहोत. ओल काढली की ठिपका राहणार नाही, आणि ठिपका राहिला नाही की हे विचारही राहणार नाहीत. झालं!

त्यानं त्याच दिवशी झरोक्यात बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला.

५

पाचव्या दिवशी सकाळी त्यानं खिडकी सताड उघडली, लोखंडी शेगडीत कोळसे फुलवून खोलीच्या मध्यभागी ठेवली आणि पंखा सुरू केला. पंधरा मिनिटांत खोलीची हवा पापडासारखी कोरडी झाली. यंत्रावरचा आकडा उतरायला लागला. प्रफुल्लला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. त्याच्या धंद्यातलं सुख ते हेच.

त्यानं पन्नीकडे पाहिलं. ठिपका लहान झाला होता. पुरीचं नाणं झालं, नाण्याची टिकली झाली. मधेच तो थांबायचा, मग घाईघाईनं दोनदा उमटायचा, मग पुन्हा थांबायचा.

“जा न बे,” प्रफुल्ल दातांत म्हणाला. “जा आता.”

पावणेबारा वाजता ठिपका गेला. पन्नी काचेसारखी लख्ख झाली. प्रफुल्लनं टाळी वाजवली आणि एकटाच हसला.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा घरघरत थांबला. बाहेर आभाळ भरून आलं होतंच, परतीच्या पावसाची एक सर तिरपी खिडकीतून आत घुसली आणि शेगडीवर चर्रकन वाफ उठली. त्यानं धावत जाऊन खिडकी लावली, कडी घातली. खोली बंद झाली, दमट झाली. त्यानं वळून पाहिलं तर ठिपका पुन्हा आला होता. आधी टिकलीएवढा, मग नाण्याएवढा, भराभर, धाप लागल्यासारखा.

बैठकीत काकूंचा फोन वाजला. मग काकूंचा आवाज आला, “काय? कवा? अरे देवा!”

प्रफुल्ल दाराशी जाऊन उभा राहिला. काकू भिंत धरून खाली बसल्या होत्या. फोन मांडीवर पडला होता, त्यातून विनायकराव बोलतच होते.

“श्वास थांबला होता बाळाचा,” काकू म्हणाल्या. “निळं पडलं होतं. नर्सनं तळपायाले टिचक्या मारल्या, तवा कुठी परत आलं. आता बरं हाये म्हणतात.”

“किती वाजता?”

“काय?”

“किती वाजता थांबला, काकू?”

“मले काय माहीत! आत्ताच. पावणेबाराले म्हणे.” त्यांनी डोळे पुसले. “तुम्ही वेळ काऊन विचारून राहिले भाऊ?”

६

एकदा होतं त्याला योगायोग म्हणतात. दुसऱ्यांदा करून पाहिलं म्हणजे कळेल. खिडकी उघडायची, पंखा लावायचा, आणि नागपूरला फोन. हा विचार प्रफुल्लच्या डोक्यात आला मात्र, त्याला स्वतःचीच किळस आली. लेकराच्या जिवावर कोणी प्रयोग करतं काय?

पण मग दुसरं काय करायचं? सांगायचं कोणाला, आणि काय सांगायचं? काकू, तुमचा नातू नागपूरला आहे, पण त्याचा श्वास इथे पन्नीवर आहे? जन्मभर लोकांच्या तोंडावर हसलेला माणूस. आता लोक त्यालाच धरून, झपाटलेल्यांना नेतात तसं, जामसांवलीच्या मारुतीपुढे नेऊन बसवतील.

“काकू, या खोलीचं काही खरं नाही,” तो शेवटी म्हणाला. “बाळाले बैठकीतच ठेवा. इथी कुलूप लावा. खिडकी उघडू नका, पंखा लावू नका. मी सांगतपर्यंत बंद म्हणजे बंद.”

“चार दिवसांपूर्वी बरणी म्हणत होते अन् आता बंद ठेवा म्हणता?” काकू चकित झाल्या. “अन् बैठकीत कशी ठेवू पोरीले? दिवसभर जाणारेयेणारे. दार सताड उघडं.”

“भितीतच बिघाड हाये.”

“काय बिघाड? यंत्र तर कोरडी सांगते. मी पायलं न मघाशी.”

माहं ऐका, एवढंच प्रफुल्ल म्हणत राहिला. काकूंनी मान हलवली, हो म्हटलं. पण त्या शिक्षिका होत्या. कारण न देणाऱ्याचं ऐकायची त्यांना सवय नव्हती, आणि प्रफुल्ल चेहऱ्यावरून तापानं फणफणल्यासारखा दिसत होता. आजारी माणसाचं बोलणं कोण मनावर घेतं?

परत जाताना जामसांवलीच्या फाट्यावर त्यानं गाडी थांबवली. देवळात गेला नाही. नुसता गाडीवर बसून राहिला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या श्वासाबरोबर वरखाली होणाऱ्या छात्या पाहत राहिला. घरी प्रणालीनं, त्याच्या बायकोनं, कपाळाला हात लावून पाहिला. खरंच ताप होता. पुढचे चार दिवस तो अंथरुणात पडून होता आणि रोज काकूंना फोन करून एकच विचारत होता, “खोली बंदच हाये नं?”

“हाव, बंद हाये,” काकू सांगायच्या. पाचव्या दिवशी त्यांनी फोन उचलला नाही.

७

तापातून उठलेला प्रफुल्ल सौसरला पोचला तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. अंगणात रांगोळी, दारात आंब्याची पानं. काकू नव्या लुगड्यात. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा, उतरून टाकायला.

“या भाऊ, वेळेवर आले. एक दिवस आधीच सुट्टी दिली बापा. सकाळपासून फोन पाहाले फुरसत नाही. येऊनच राहिले ते, बोरगाव मागे पडलं.” मग त्यांनी आवाज खाली केला, जरा लाजून. “रागावू नका. लेकरासाठी बैठकीत काही मन मानलं नाही. तुम्ही पहिल्या दिवशी सांगतलं होतं तेच केलं. पहाटपासून खिडकी उघडी, शेगडी अन् पंखा. कशी ठणठणीत झाली पाहा खोली!”

प्रफुल्ल चपला न काढता आत धावला.

खोली खरोखर ठणठणीत होती. ऊन पार पलंगापर्यंत आलं होतं. कोळसे लालभडक. पंखा जोरात. पन्नी भिंतीवर तशीच होती, आणि तिच्यावर काही नव्हतं. त्यानं नाक पन्नीला लावलं तरी काही नव्हतं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दारं उघडली, लागली. श्रुतीचा थकलेला, आनंदी आवाज आला, “आई, हळू बोल. झोपला हाये. बोरगावपासून हूं की चूं नाही.”

प्रफुल्ल अंगणात आला, काकूंच्या हातातला तांब्या हिसकला आणि परत पळाला. त्यानं तो सगळा शेगडीवर ओतला. कोळशांनी फूत्कार टाकला, राख उडाली, वाफेचा लोट छतापर्यंत गेला. पंख्याचं बटण बंद. खिडकी धाडकन लावली, कडी घातली. पलंगाखाली राहिलेल्या फरशी पुसायच्या बादलीतलं पाणी भिंतीवर मारलं, जमिनीवर मारलं. मग तो गुडघ्यांवर बसला.

“ये,” तो म्हणाला. “ये बापा. ये नं.”

वाफेनं सगळी पन्नी धुरकटली. काही ओळखू येईना. मग उशीच्या उंचीला धुकं जरा दाट झालं. गोल. टिकलीएवढं. गेलं. पुन्हा आलं, नाण्याएवढं.

अंगणात बाळानं टाहो फोडला.

प्रफुल्लच्या जिवात जीव आला. तो जमिनीवरच बसला आणि त्याला रडू फुटलं. बाहेर सगळे हसत होते. “उठला व माय राजा! ओळखलं आजोळ!” आणि हसत हसतच ते दारापर्यंत आले. पुढे काकू, त्यांच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. मागे श्रुती आणि विनायकराव. दाराशी सगळ्यांचं हसू थांबलं.

“हे काय करून ठेवलं?” विनायकराव ओरडले. “ओल काढाले बोलावलं तुम्हाले, अन् तुम्ही पाणी मारून राहिले? डोकं फिरलं काय?”

“काकाजी, खिडकी उघडू नका. हात जोडतो. लेकराचा श्वास...” त्यानं पन्नीकडे बोट दाखवलं. “पाहा. तुमच्या डोळ्यांनी पाहा.”

पन्नीवर ठिपका बाळाच्या रडण्याबरोबर धरत होता, विरत होता. पण विनायकरावांना दिसली ती चिंब भिंत, विझलेली शेगडी आणि राखेच्या चिखलात बसलेला एक माणूस. त्यांनी त्याचा दंड धरून त्याला उठवलं. अंगात ताप मुरलेला प्रफुल्ल उठला आणि खिडकीला पाठ लावून उभा राहिला.

“सरका भाऊ,” काकू म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. शाळेतल्या आजारी पोराशी बोलावं तशा बोलत होत्या. “डॉक्टरनं सांगतलं हाये, दमट हवा अजिबात नको. सरका.”

विनायकरावांनी त्याला बाजूला ओढलं. काकूंनी बाळाला एका हातावर तोललं आणि दुसऱ्या हातानं कडी काढली. ऊन आत आलं, पाठोपाठ कापसाच्या पऱ्हाटीच्या वावरांवरून येणारा कोरडा वारा. वाफ झपाट्यानं बाहेर निघाली. श्रुतीनं पंख्याचं बटण दाबलं.

बाळ रडता रडता थांबलं.

“पायलं?” काकू त्याला छातीशी धरून हलक्या हातानं थोपटत म्हणाल्या. “जराशी हवा लागली तर कसं गप झालं. तुमचंच खरं होतं भाऊ.”